पोटॅशियम सातच्या वर

नगरमध्ये आमच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून मला बारा वर्षं झाली. चहाला बसलं की जो तो एकेक किस्सा काढतो आणि हसून हसून पुरेवाट होते. पण अँटिबायोटिक आणि किडनीचे किस्से निघाले की कप हातातच राहतो.

*

कोल्हारच्या दत्तूमामांना इन्फेक्शनसाठी इंजेक्शनं चालू होती. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी ग्लास धरला आणि बोटं तशीच आखडून बसली, सुटेचनात. मामी पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "सिस्टर, ह्ये बाहेरचं हाय. आमाला घरी जाऊ द्या."

मी त्यांना कसंबसं थोपवलं. रिपोर्ट आला तर कॅल्शियम, मॅग्नेशियम दोन्ही तळाला. इंजेक्शनांनी किडनीला त्रास होऊन सगळं लघवीवाटे वाहून चाललं होतं. इंजेक्शन बदललं, सलाईनमधून औषधं दिली. संध्याकाळी बोटं सुटली. मामींनी मात्र त्यांचा हात सोडला नाही.

*

भिंगारच्या रिबेका टीचर रिटायर झालेल्या. ब्लडप्रेशरची गोळी रोजची, त्यात अँटिबायोटिकच्या गोळ्या. अशक्तपणा जावा म्हणून सून रोज दोन शहाळी पाजायची. एका सकाळी टीचरना पायच उचलेना. गोळ्यांमुळे किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नव्हती आणि शहाळ्यातून ते आणखी पोटात जात होतं.

टीचर वाचल्या. पण सून कॉरिडॉरमध्ये बसून एकच वाक्य म्हणत होती, "मी माझ्या हातानं पाजलं."

*

आणि भानुदासअण्णा. गोठेवाले, बोलघेवडे. त्यांना टीचरसारख्याच गोळ्या चालू होत्या. लॅबमधून प्रकाशचा फोन आला. "सिस्टर, पोटॅशियम सातच्या वर आहे. पेशंट कसाय?" पाचपर्यंत ठीक, सातच्या वर गेलं की हृदय कधीही थांबू शकतं.

मी पाहिलं. अण्णा शेजारच्या पेशंटला म्हशीचं कौतुक सांगत होते. "गप्पा मारतोय," मी म्हटलं.

"मग सॅम्पल खराब असेल. परत पाठवा."

मी डॉक्टरांना कळवलं आणि सुई घेऊन गेले. दंडाला पट्टा बांधत होते. अण्णा म्हणत होते, "आमची म्हैस दोन्ही टायमाचं मिळून..." आणि थांबले. डोळे उघडे, नाडी लागेना.

मी छाती दाबायला लागले. डॉक्टर धावत आले, हृदय सावरायला शिरेतून कॅल्शियम दिलं. माझे हात भरून आले. मनात एकच, सॅम्पल चांगलं होतं.

मग नाडी लागली. बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"...अठरा लिटर देती."