ताडगुळाचा खडा

"बोलत असंल त त्या काचेच्या नळीसंगच बोलते, मानसाईसंग नाई," आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या.

भिंतीच्या अलीकडे, मागच्या पडवीत, मी तीच नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून बसले होते. शेजारीण हसली. मलाही हसू आलं, कारण आत्याबाईंचं खरं होतं. नळी निदान उत्तर तरी द्यायची. निळं औषध, त्यात बाबांच्या लघवीचे आठ थेंब, आणि खाली दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि भाजलेल्या विटेसारखं झालं तर फारच. त्या सकाळी वीट निघाली. तीन आठवडे रोज वीटच निघत होती. मी ते वहीत लिहिलं आणि नळी राखेनं घासायला घेतली.

आई गेल्यावर मी नागपूरला मामाकडे वाढले. मामांनी इंग्रजी शाळेत घातलं. पवनारच्या अलीकडे आमचं गाव. तिथे मी सुट्टीत पाहुण्यासारखी यायची. बाबा नदीपलीकडच्या शाळेत मास्तर होते. अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे कपडे, रोज दोन मैल जायचे, दोन मैल यायचे, तेही पायी. त्यांच्यासमोर मी माझी इंग्रजी पुस्तकं पिशवीतून काढत नसे. त्यांनीही कधी काढायला सांगितली नाहीत. आम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलायचो आणि घर त्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, चालवायच्या.

शिक्षण आटोपून मी कायमची घरी आले त्याच दिवाळीनंतर बाबांना नवी चप्पल चावली. अंगठ्याची जखम भरेना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. रोज इंजेक्शन, रोज तपासणी, भात अगदी कमी, साखर बंद. आणि आम्ही उठता उठता डॉक्टर म्हणाले की महिन्याभरात जखम सुकायला लागली नाही तर अंगठा काढावा लागेल. परतताना बसस्टँडवर बाबांनी एवढंच विचारलं की अंगठ्याशिवाय माणूस किती चालू शकतो.

इंजेक्शन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण कंपाउंडर रोज एवढ्या लांब येणार नव्हता. औषधाची बाटली आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचो. पहिल्या दिवशी मी सुई इतका वेळ नुसतीच धरून बसले की बाबांनी लिंबाच्या झाडाकडे तोंड फिरवलं आणि तेराचा पाढा सुरू केला. तेरा पाचे पासष्टला सुई बाहेर आली होती. तेव्हापासून तो पाढा रोजचाच झाला. खरं सांगायचं तर त्या रोजच्या सकाळी मला आवडायला लागल्या होत्या. बाबा आणि मी इतका वेळ जवळजवळ कधी बसलोच नव्हतो.

सुई, नळी, पथ्य, सगळं चोख चाललं होतं. तरी वीटच.

साखर बंद करायला ती आमच्या घरात नव्हतीच. गिरणीची पांढरी साखर बाबांनी माझ्या जन्माआधी सोडली होती. तिच्यात जीव नाही म्हणायचे. आमच्याकडे ताडगूळ असायचा, काळपट, थोडा धुरकट वासाचा. तो झाडाचा, आपल्या माणसांच्या हातचा, म्हणून शुद्ध. घरी कोणीही आलं की गुळाचा खडा आणि पाणी. आणि दोन्ही वेळा जेवण झालं की आत्याबाई बाबांच्या तळहातावर सुपारीएवढा एक खडा ठेवायच्या. हे कोणी लपवून करत नव्हतं. उलट, चहात साखर घालणारं सगळं गाव ठणठणीत आणि आपल्यालाच हा रोग, याचं बाबांना नवल वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा वर्ध्याला गेलो. डॉक्टरांनी वही चाळली, अंगठा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग, बाबांना वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यांनी मला इंग्रजीत विचारलं की हे चोरून साखर खातात का. मी ताठ बसून "नो, सर" म्हटलं. पुढे दोन वाक्यंही बोलले, की आमच्या घरात साखरेचा दाणासुद्धा येत नाही. परक्या माणसासमोर मी इतकं कधी बोलले नव्हते.

बाबांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ते खूश झाले. परतीच्या बसमध्ये त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, आतला खडा दातानं फोडला आणि मोठा तुकडा मला दिला.

"चांगली बोलली बेटा," ते म्हणाले. "डॉक्टरसुद्धा गुपचूप ऐकून राह्यला होता."

मी तुकडा तोंडात टाकला. तो विरघळायला लागला आणि मी डॉक्टरांना काय सांगून आले ते मला कळलं. मधुमेहाची इंग्रजी पुस्तिका मी दोनदा वाचली होती. गोड ते सगळं साखरच, मग ते उसातून निघो की झाडातून, असं तीत स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मी वाचलं होतं, पण त्यात मला आमच्या घरातला डबा दिसला नव्हता.

सांगायला हवं होतं, आणि सांगता येत नव्हतं. ज्या एका गोष्टीवर बाबांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, ती त्यांचा अंगठा खात होती. आणि ते सांगायचं कोणी, तर इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीनं. मी मनात वाक्यं जुळवायची. इंग्रजीत ती ठीक वाटायची, मराठीत आणली की उद्धट. दोन दिवस गेले. महिना भरायला आठच दिवस उरले होते.

अंगठ्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. तो राहिला. जखम भरायला पुरता उन्हाळा लागला, पण भरली. नळीत हिरवं दिसू लागलं, मग निळं, आणि डॉक्टरांना इंजेक्शनचं औषध कमी करावं लागलं. ते कमी व्हायच्या आधी एकदा बाबा शाळेत साखर एकदम उतरल्यानं घामाघूम होऊन थरथरायला लागले. तेव्हापासून डॉक्टरांच्याच सांगण्यावरून त्यांच्या खिशात एक खडा असतो, तसं पुन्हा झालं तरच तोंडात टाकायचा. 'माझा गूळ आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो,' असं ते येईल त्याला सांगतात. आत्याबाई जेवणानंतर तळहातावर भाजलेली बडीशेप ठेवतात आणि माझ्याकडे बघून नाक मुरडतात.

पण दोन दिवसांनंतरच्या त्या रविवारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. जेवणं झाली होती. मी बाबांची नळी तापवून नळ्या उभ्या करायच्या लाकडी घोडीत ठेवली. मग डब्यातून ताडगुळाचा खडा काढला, दोन चमचे पाण्यात विरघळवला आणि त्याचे आठ थेंब दुसऱ्या नळीतल्या निळ्या औषधात टाकले. दिव्यावर धरताच हिरवं, पिवळं, नारिंगी, करत करत वीट झाली. बाबांच्या नळीपेक्षा गडद.

बाबा हात पुसत पडवीत आले. मागून आत्याबाई, मुठीत रोजचा खडा घेऊन.

"आज दोन काऊन?" बाबांनी वाकून पाहिलं. "हे माझं असंल. अन् हे कोनाचं व? याची तब्येत त माझ्याहून बिघडून राह्यली."

आत्याबाई हसल्या आणि खडा द्यायला त्यांनी हात पुढे केला. मी नळीकडे बघतच उठले आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"ते तुमच्या ताडगुळाचं आहे, बाबा," मी म्हणाले. "तोही साखरच आहे. आजपासून मी तो तुम्हाला खाऊ देणार नाही."