बटणवालीकडून शिकलेली चिनी

ऑल्टरमावशी नवीन काही शिवत नाहीत. दुकानाच्या काचेवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, तरी अधूनमधून कुणीतरी कोरं कापड घेऊन येतंच. मग मावशी चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "आधी कुणाकडून तरी बिघडवून आणा, मग माझ्याकडे या."

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, दोऱ्यांच्या रिळांनी भरलेला बिस्किटांचा डबा, आणि एक आरसा, ज्यात माणूस फक्त कमरेच्या वर दिसतो. पँट दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यामुळे मावशींच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही. ज्यांचं पोट सुटलं, ज्यांचं आत गेलं, ज्यांना थोरल्याचा शर्ट धाकट्याच्या अंगात घालायचा आहे, असे सगळे इथे येतात. मावशी कपडा उलटा करतात आणि आधी शिवणीच्या आत बोट घालतात. जुने शिंपी तिथे बोटभर कापड जास्तीचं सोडायचे, पुढेमागे कपडा मोठा करायला. त्याला माया म्हणतात. हल्लीच्या तयार कपड्यांत ती नसते, हे मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, जणू ती त्यानेच कापून नेली.

मावशींचा एकुलता एक मुलगा परदेशात असतो. तिथेच त्याने एका चिनी मुलीशी लग्न केलं. प्रेमात पडलेली माणसं काय काय शिकतात, हा चिनी शिकला. पुढे नात झाली. सुनेची आई, म्हणजे मावशींच्या विहीणबाई, बाळंतपणासाठी त्यांच्याकडे राहायला आल्या. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांचे यजमान वारले होते, त्यामुळे त्यांना परत जायची घाई नव्हती आणि त्यांना पाठवायचीही कुणाला नव्हती.

रविवारी सकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. तो मावशी दुकानात बसून घ्यायच्या, कारण शेजारच्या चष्मेवाल्याचं वाय-फाय तिथवरच पोचायचं. पलीकडे मांडीवर नात घेऊन विहीणबाई बसायच्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शहरातली बस चालवली होती. बोलताना त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंग फिरवल्यासारखे फिरत. त्या बोलायला लागल्या की बोलतच. मग थांबून अपेक्षेने कॅमेऱ्याकडे बघत.

"काय म्हणतायत रे?"

"हवा छान आहे म्हणतायत."

"एवढा वेळ? हवेवर?"

"हवा बदलत असते आई."

पोरगा शाळेतसुद्धा निबंधात चार ओळींवर जात नव्हता, हे मावशींना ठाऊक होतं. पण निबंध त्याचा स्वतःचा होता. इथे दुसऱ्या बाईचं बोलणं होतं, आणि ते कुणीतरी आखूड करून त्यांच्या हातात देत होतं. आखूड करणं हा मावशींचा धंदा होता. उरलेलं कापड कुठे जातं, हा प्रश्न त्यांना न पडता तरच नवल.

एका रविवारी विहीणबाईंनी कॅमेऱ्यासमोर एक कोट धरला. गडद राखाडी, पुरुषी, खांदे रुंद. मग तो अंगात घालून दाखवला. बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा बाहेर येत नव्हती. त्या काहीतरी बोलल्या, मावशींच्या मागच्या मशीनकडे बोट केलं, आणि थांबून कॅमेऱ्याकडे बघू लागल्या.

"कोट दाखवतायत," मुलगा म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात दुधाची बाटली होती. "छान आहे म्हण."

मावशी अंगठा वर करून म्हणाल्या, "छान!"

विहीणबाईंनी कोट काढला. बाही आत ओढून घेतली, घडी घालता घालता डोळ्यांवर मनगट फिरवलं आणि उठून गेल्या.

"काय झालं रे त्यांना?"

"काही नाही. सर्दी झालीय."

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पँटला इस्त्री करताना मावशींचा हात अचानक थांबला. पुरुषाचा कोट. घरात मागच्या हिवाळ्यात गेलेलं माणूस. समोर मशीनजवळ बसलेली बाई. जगातली कुठली बाई शिवणकाम करणाऱ्या बाईपुढे असला कोट 'छान' ऐकायला धरते? त्यांनी तिथेच कपाळावर हात मारला, आणि पँटवर नको तिथे चकाकी आली.

मुलाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, जुना कोट आहे, सहज दाखवत होत्या. सध्या गडबडीत आहे, नंतर बोलू." पुढच्या रविवारी विहीणबाईंनी लांबूनच हात हलवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. आपण त्या बाईला दारातून परत पाठवलं, आणि तेही हसून, हे मावशींच्या मनातून जाईना.

"मी चिनी शिकणार आहे," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

मावशींचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांनी पाण्याचा घोट गिळला आणि विचार करून सांगितलं, "त्या भाषेत आवाजाचे चार चढउतार असतात म्हणे. तुझ्याकडे तर एकच आहे. चढा."

"अहो, तुम्ही आयुष्यभर लिफ्ट वरखालीच केलीत ना? तसाच मी आवाज करीन."

पहिला गुरू फोनवरच्या व्हिडिओतला एक टापटीप तरुण होता. मागे फळा, हातात छडी. त्याच्या पहिल्या धड्यात विमानतळ होतं, दुसऱ्यात हॉटेल, आणि तिसऱ्यात त्याची बॅग हरवली. मावशी कुठे निघाल्या नव्हत्या आणि त्यांची बॅग खुंटीवर होती. त्याला तसाच बोलत ठेवून त्या एक शिवण उसवायला बसल्या. धडा संपला, फोनने आपल्या मनाने पुढचा व्हिडिओ लावला, आणि मावशींनी मान वर केली.

बटणांच्या बाजारात एक धिप्पाड बाई उभी होती. मागे बटणं, चेन, अस्तरं, लेस यांच्या छतापर्यंत भिंती. ती मूठभर बटणं कॅमेऱ्याच्या नाकाशी आणून खुळखुळवत होती आणि घर जळत असल्यासारखी ओरडत होती. मावशींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. ही चार भोकांची, ही शिंगाची, ही स्वस्तातली, धुतली की रंग जाणार, तरी ती आग्रहाने विकतेय.

त्या दिवसापासून दुपारी फोन बिस्किटांच्या डब्याला टेकू लागला. खाली उमटणारं भाषांतर वाचत मावशी बटणवालीच्या मागोमाग बोलत. बटण. काज. अस्तर. चेन. धागा. आत. बाहेर. उसवा. जवळून बघा. हात लावून बघा. तिचं प्रत्येक वाक्य 'ज्यारनमन!' अशा हाकेने सुरू व्हायचं, म्हणजे 'घरच्यांनो!' आणि माल संपत आला की टेबल थोपटून ती म्हणायची, "घरच्यांनो, हातचं जाऊ देऊ नका, परत मिळणार नाही!" लगेच टेबलाखालून नवं खोकं निघायचं.

या शिक्षणामुळे मावशींची चिनी एका बाजूला फुगली आणि दुसऱ्या बाजूला तोकडीच राहिली. त्यांना 'आडव्या काजाचं शिंगाचं बटण' म्हणता यायचं, पण 'मंगळवार' म्हणता यायचं नाही. आवाजही बाजारचा. एकदा चष्मेवाला धावत आला.

"मावशी, कुणी पळून चाललंय का? धरू का?"

"अभ्यास चाललाय."

"मग हळू करा हो. आत माझं गिऱ्हाईक सगळ्यात खालची ओळ वाचत होतं, घाबरून वरच्या मोठ्या अक्षरावर गेलं."

दुसरी गुरू मिळाली ती एक काटकुळी मुलगी. ती आपल्या घरातल्या भांडणांचे छोटे व्हिडिओ करायची आणि सगळी पात्रं स्वतःच व्हायची. लाल रुमाल बांधला की सासू, निळा बांधला की सून, रुमाल नाही तेव्हा नवरा, आणि तो बहुतेक वेळ गप्प. एकदा पिवळा रुमाल बांधून ती सुनेची आई झाली. लाल रुमालाने तिला हाक मारली, "छिंगज्यामू!"

मावशींनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मग दुकान उघडं टाकून त्या घरी गेल्या.

"अहो, उठा. त्यांच्यात विहिणीला शब्द आहे!"

"असणारच," काका डोळे न उघडता म्हणाले. "भांडायला नावाने हाक नको मारायला?"

पण मावशींना फार बरं वाटलं होतं. मुलगा राहतो तिथल्या भाषेत या नात्याला सुटसुटीत शब्दच नव्हता. तिथे त्या एकमेकींच्या कुणी नव्हत्या.

पुढच्या रविवारी कॉल आला तेव्हा मावशी नीट साडी नेसून, केस विंचरून बसल्या होत्या. काकांना मागे स्टुलावर बसवलं होतं, हसायचं नाही या अटीवर.

"त्यांना बोलाव," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, त्या कामात..."

"बोलाव म्हटलं ना. आणि तू मध्ये बोलू नकोस."

विहीणबाई ओल्या हातांनी येऊन बसल्या, चेहरा सभ्य आणि बंद. मावशींनी घसा साफ केला. आठवडाभर घोकलेलं मऊ, आदबशीर वाक्य ऐन वेळी कुठेतरी सांडलं, आणि तोंडातून बटणवाली बाहेर पडली.

"घरच्यांनो!" मावशी चिनीत गरजल्या. "छिंगज्यामू! जाऊ नका, जाऊ नका! कोट! कोट आणा! जवळून बघू!"

पलीकडे मुलाच्या हातातून बाटली पडल्याचा आवाज आला. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला, मग पदर नसल्यामुळे तो ओला हातच चेहराभर फिरवला, आणि त्या हसायला लागल्या. बस चालवणारी बाई हसते तशा, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा. नात दचकून रडली, मग आजीकडे बघून तीही हसली. हसता हसता विहीणबाईंचं हसणं कुठे संपलं ते त्यांनाही कळलं नसावं. त्या आत गेल्या आणि कोट घेऊन आल्या.

त्या हळूहळू बोलल्या. मावशींना सुटे शब्द मिळाले: कोट, मोठा, मी, तुम्ही. मधलं काही लागेना. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "आता सांग. पूर्ण सांग. काही दुमडू नकोस."

मुलगा आयुष्यात पहिल्यांदा चार ओळींच्या पुढे गेला. "तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की हा त्यांच्या यजमानांचा कोट आहे. सगळे म्हणतात, देऊन टाका, नाहीतर कपाटात ठेवा. त्यांना कपाटात ठेवायचा नाहीये, घालायचा आहे. तुमच्या मागे मशीन दिसतं, म्हणून विचारते, म्हणाल्या. हा मला बसेल असा करता येईल का? आणि केल्यावर तो त्यांचाच वाटेल का?"

"आणि मी काय म्हटलं?"

"तू छान म्हणालीस."

"तू म्हणायला लावलंस."

"आई, मला वाटलं, कोट तिकडे पाठवायचा, मग परत मागवायचा, कशाला तुम्हा दोघींना त्रास. आणि त्या रडल्यावर मला काही सुचेना. सर्दी सुचली."

"बरं," मावशी म्हणाल्या. बाकीचं त्याला समोरासमोर ऐकवायचं म्हणून त्यांनी राखून ठेवलं. "कोट कुठे पाठवायचा नाही. त्यांना सुई आणायला सांग. नको, मीच सांगते."

तेव्हापासून रविवारची सकाळ कोटाची झाली. विहीणबाईंनी आधी कधी टाका घातला नव्हता. सुई त्या हँडब्रेक धरल्यासारख्या धरत. मावशी इकडे एक जुना कोट मांडीवर घेऊन तीच शिवण दाखवत आणि बाजारच्या चिनीत हाकारत: आत बघा, बाहेर बघा, हळू उसवा, अस्तर धरा, घरच्यांनो, अस्तर! शब्द अडला की मुलाला हाक जायची. तो येऊन पूर्ण वाक्य सांगायचा आणि जायचा. बाटली तो आता खाली ठेवून यायचा.

बगलेखालची शिवण उसवली तेव्हा आत बोटभर कापड निघालं. कुठल्याशा जुन्या शिंप्याने सोडलेली माया. बाहेरचा राखाडी उन्हाने विटला होता, इथे मात्र तो कोट नवाच होता, निळसर, घेतला त्या दिवशीसारखा. विहीणबाई त्यावर अंगठा फिरवत राहिल्या. मग कोट लहानच करायचा आहे, हे आठवून त्यांनी समजूतदारपणे कात्री उचलली.

मावशींनी घाईघाईने हात आडवा हलवला. 'कापू नका, आतच दुमडा' हे चिनीत कसं म्हणतात ते त्यांना येत नव्हतं. मुलगा बाळाचे कपडे बदलत होता. जे येत होतं तेच आलं, पण या वेळी आवाज आपोआप खाली आला होता.

"घरच्यांनो," मावशी म्हणाल्या, "हातचं जाऊ देऊ नका. परत मिळणार नाही."

विहीणबाईंनी कात्री खाली ठेवली. मग मावशींनी आपल्या मांडीवरच्या कोटाचं कापड आत दुमडून दाखवलं, आणि तिकडे तसंच दुमडलं गेलं.

कोट तयार झाला त्या रविवारी विहीणबाई तो घालून उभ्या राहिल्या. खांदे बसले होते. बोटं दिसत होती. त्या एकदा गोल फिरल्या आणि थांबून कॅमेऱ्याकडे बघू लागल्या, पहिल्यांदा कोट दाखवला तेव्हासारख्याच.

मावशींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कोट वरपासून खालपर्यंत बघितला.

"डावी बाही," त्या चिनीत म्हणाल्या, "लांब. उसवा. पुढच्या रविवारी."

विहीणबाईंनी बाही बघितली, मान डोलावली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

कॉल संपल्यावर काका म्हणाले, "मला तर दोन्ही बाह्या सारख्याच दिसल्या."

"तुम्ही लिफ्ट बघा," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी बिस्किटांच्या डब्याला फोन टेकवला.