लाव बघू टेप

तिच्या वडिलांचं केशकर्तनालय अरुंद होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी बाकडं. लहान मुलांचे केस कापायचे असले की वडील खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकत. ती मोकळी असली की तिच्यावर लेक चढून बसायची, आणि बाकड्यावरून कुणीतरी म्हणायचं, "चला, लाव बघू टेप."

मग ती भूगोलाचा धडा म्हणायची. पुस्तक बाकड्यावर असायचं. शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर ओळींवरून बोट फिरवत तपासायचा. काना चुकत नसे की मात्रा, ती कुठे म्हणून अडत नसे.

"अहो, चित्राखालची ओळसुद्धा म्हणाली! आता छापखान्याचं नाव तेवढं राहिलं."

"तेही येतं," ती म्हणायची आणि म्हणून दाखवायची. दुकान हसायचं. वडिलांची कात्री क्षणभर हवेतच चालायची.

शाळेच्या पेपरात प्रश्नाखाली छापलेलं असे, 'स्वतःच्या शब्दांत लिहा.' ते मनावर घ्यायचं नसतं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, तपासणाऱ्यांनाही. ती दरवर्षी पहिली आली. शेवटच्या परीक्षेत तर सगळ्या शाळेत पहिली. हार घातलेला तिचा फोटो आरशाच्या वर लागला. हाताखाली आलेल्या प्रत्येक डोक्याला वडील तो मान वर करून बघायला लावत, मग मानेवर वस्तरा असो की नसो.

कॉलेजात तिनं इतिहास घेतला आणि शाळेत करायची तसाच अभ्यास केला, फक्त जास्त. पहाटे उठून, फेऱ्या मारत, पानंच्या पानं. पहिला निबंध परत आला तेव्हा बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"छान आहे. पण हे मी वाचलंय. तू काय म्हणतेस?"

"पुस्तकातच असं दिलंय, बाई."

"ते दिसलं मला. पुस्तक मिटून सांग. तुला पटलं का?"

धडा पटायचाही असतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मागच्या बाकावरचा, शाळेत जेमतेम पास झालेला एक मुलगा मात्र तासाला हात वर करून बाईंशी खुशाल वाद घालायचा, आणि बाई मान डोलवायच्या.

वर्षाच्या परीक्षेत तिनं पुरवण्या मागून मागून लिहिलं. दोन विषय राहिले.

घरी तिनं सांगितलं, निकाल लांबलाय. दुकानात बाकडं विचारायचं, "टेप काय म्हणते?" आणि वडील म्हणायचे, "म्हणायचंय काय त्यात? पहिलीच येणार." दुकानामागेच घर होतं; आतल्या खोलीत तिला ते ऐकू यायचं. दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर माणूस हवा होता. कॉलेज सोडावं आणि तिथे लागावं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. सांगायचं कसं, ते बसून लिहिलं आणि पाठ केलं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. वडील ब्रश धूत होते. ती खुर्चीत बसली. "बाबा, टोकं कापा जरा."

त्यांनी अंगावर कापड टाकलं, केस विंचरले. ती म्हणाली, "बाबा, कॉलेजचा अभ्यास शाळेपेक्षा वेगळा असतो. तिथे गुणांपेक्षा..."

पुढचं वाक्य आलंच नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. सवयीनं तिचे डोळे आरशातल्या बाकड्याकडे गेले.

"तिकडे काय बघतेस?" वडील म्हणाले. "पुस्तक कुणाच्या हातात नाहीये. बोल."

"नापास झाले. दोन विषयांत." तिनं अंगावरचं कापड सारखं केलं. "मला सगळं येतं, बाबा. पण मला काय वाटतं, ते विचारतात तिथे. ते मला माहीतच नाही. मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. कॉलेज सोडते मी. दवाखान्यात जागा आहे."

वडिलांनी कात्री खाली ठेवली. आरशाच्या वर त्यांनी पाहिलं नाही. हाताला चिकटलेले केस ते एकेक करून काढत राहिले.

"आम्ही तरी काय," ते शेवटी म्हणाले, "टेपच वाजवत बसलो." आणि मग, "दवाखान्यात जायचंय तुला? की कॉलेजात तोंड दाखवायला नको म्हणून?"

उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून कंपाउंडर आत आला. "वा! कधीची गाठ नाही. लाव बघू टेप!"

"थांबा जरा," वडील म्हणाले. "ती बोलतेय."

दुकानात तर कुणीच बोलत नव्हतं. कंपाउंडरनं आरशात दोघांचे चेहरे पाहिले आणि आवाज न करता बाकड्यावर टेकला.

"परत बसते परीक्षेला," ती अडखळत म्हणाली. "पण पहिली येईन, असं कुणाला सांगू नका, बाबा."

"नाही सांगत," वडील म्हणाले, आणि तिची मान हलकेच पुढे वाकवून त्यांनी कात्री उचलली.