तिसरा भाग मी खेळलोच नव्हतो

चौथीत मी शाळा सोडली, आन् शाळेनं बी मला अडवलं न्हाई. तवापास्नं माजं समदं काम पाठांतरावर चालतंय. मोबाईलात बी मी नावं ठेवत न्हाई, फोटो ठेवतो. बायकोच्या नंबराला तिचा फोटो लावताना चुकून माजाच लागला. आता तिचा फोन आला की माजंच तोंड दिसतं आन् मी दर टायमाला दचकतो. बदलायचा कसा ते कुनाला इचारावं तर लाज वाटती.

व्हिडिओ गेम बी मी असाच पाठ केला व्हता. लहानपनी रहिमतपुरात एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेमचा डबा व्हता. दुकान झाडून दिलं की खेळाय मिळायचं. पाठीला पिशवी लावलेला एक बुटका गडी डावीकडनं उजवीकडं पळतो, खड्डं चुकवतो, समोरनं काटंवाले गोळं आन् वटवाघळं येत्यात त्यांच्यावरनं उड्या मारतो. त्या गेमचं तीन भाग. वरती इंग्रजीत काय लिवून यायचं ते मला आजतागायत ठावं न्हाई. मी मोजायचो. तीन पावलं, उडी. दोन पावलं, थांब, उडी. पहिला आन् दुसरा भाग मला पाढ्यासारखा झाला. पाढं तेवढं झालं न्हाईत.

तिसरी कॅसेट त्या दुकानात आलीच न्हाई. पन बायकोला बगाय गेलो तवा मी तिला सांगितलं, तिन्ही भाग संपवल्यात. तिचं गाव विट्याकडं. तिच्या वडलांचं सोनं गाळायचं दुकान तिकडं तमिळ मुलखात, त्यामुळं ती तिथंच वाढलेली, बारावी शिकलेली, चार भाषा बोलनारी. पोह्याची बशी हातात घेऊन मी गप बसलो व्हतो, शिक्षन कुनी इचारू नये म्हनून. तिनं इचारलं, तुमाला काय आवडतं. मी गेम म्हनलं. ती हसली. तिच्या घरी तीच गेम व्हती. मग मला जोर आला. तिनं इचारलं, तिसऱ्याच्या शेवटाला काय निघतं? मी म्हनलं, सांगितलं तर मजा जाती. एवढ्यावर लगीन झालं. वीस वर्सं ती थाप मी अंगाला लागू दिली न्हाई.

आता औंदा तिच्या भावानं तिकडचं घर आवरलं आन् त्यो डबाच आमच्याकडं पोचवला. तीन कॅसेटी, दोन रिमोट, आखूड वायरा. आमचा जुना टीव्ही अजून जिता व्हता. तिला लय हुरूप आला. पहिल्यापास्नं तिन्ही भाग दोघांनी मिळून संपवायचं असं ठरलं. दुपारी एक ते चार. चारला माजा नंबर असतो, म्हंजी वडापचा. मी रहिमतपूर ते सातारा जीप चालवतो. शिटा भरल्या की निघायचं, सरकारी बशीची वाट न बगनाऱ्या मानसांची ती गाडी.

खरं सांगायचं तर गेम आली तवा मला हुरूप न्हाई, घोर लागला. उन्हाळ्यापास्नं माज्या उजव्या अंगाला काय तरी बिघडलं व्हतं. समोरचं झ्याक दिसायचं. पन उजवीकडची मानसं एकदम उगवायची, भुईतनं निघाल्यासारखी. एकदा दुधाचं क्यान उडवलं. एकदा हाटेलापुढचं बाकडं. बाकड्यावर कोन नव्हतं हे माजं नशीब, माजं डोळं न्हाई. लोकांनी इचारलं तर म्हनायचो, बाकडंच आडवं आलं. लोक हसायचं. मी बी हसलो की माजं काय बिघडलंय असं त्यांना वाटायचं न्हाई, आन् मला बी.

आमच्या लायनीत एक वहिवाट हाय. गाडी लय भरली की एका गड्याला ड्रायव्हरच्या बी उजव्या अंगाला, दाराला चिकटवून बसवायचं. मी त्यो धंदा रोजचाच केला. मागं शिटा मोकळ्या असल्या तरी बी एकाला उजवीकडं घ्यायचो. शक्यतो रिटायर फौजी. फौजी गप बसत न्हाई. "अरं ट्रक हाय, दाब डावीकडं," असं त्यो आपसूक वरडतो. स्टँडवरचं समदं म्हनायचं, ह्याला शिटांची लय हाव सुटलीया. मी म्हनायचो, सुटलीया खरी. हावरा म्हनून घ्यायला मला काय वाटत नव्हतं.

गेम सुरू झाली. रिमोटाच्या वायरा आखूड म्हनून टीव्हीला नाक लावूनच बसावं लागायचं. मी डावीकडच्या भिताडाला टेकायचो, ती टीव्हीच्या बरोबर समोर. पहिला भाग आमी चार दुपारात संपवला. मी एकदा बी मेलो न्हाई. तीन पावलं, उडी. दोन पावलं, थांब, उडी. ती म्हनली, तुमी तर वस्तादच निघालासा. मला रडूच यायचं बाकी व्हतं. म्हनलं, एवढी बारीक वटवाघळं चुकवतोय तर डोळं ठनठनीतच असनार. दुसरा भाग बी तसाच गेला. डागदरकडं जायच्या ऐवजी मी गेमकडनं डोळं तपासून घेत व्हतो, आन् गेम मला रोज पास करत व्हती. जल्मात पहिल्यांदा कुठंतरी पास झालो, त्यो बी कॉपी करून.

मग तिसरी कॅसेट घातली.

गडी दोन पावलं पळाला आन् मेला. पुन्हा पळाला, पुन्हा मेला. मी म्हनलं, रिमोट चिकटतोय. तिनं तिचा दिला. तिच्या रिमोटावर बी मी मेलो. मग म्हनलं, लय वर्सं झाली गं, इसारलो. ह्या भागात दोघांचं जीव एकाच पिशवीत असत्यात. मी मेलो की तिचा बी एक कमी. सुरवातीला ती हसत व्हती, माज्या मांडीवर चापट मारत व्हती. थापेबाज, तिसरा भाग तुमी बगितलेला बी न्हाई, म्हनली. मी कबूल झालो. थाप उघडी पडली ह्याचं तर मला बरंच वाटलं, कारन ती तिथंच थांबल असं वाटलं.

ती थांबली न्हाई. दोन दुपारी ती स्वतः खेळलीच न्हाई, नुसती मी कसा मरतोय ते बगत बसली. मी नवा, म्हनून मरतोय, हे तिला पटंना. नवा मानूस उशिरा उडी मारतो. मी मारतच नव्हतो. डावीकडनं काय आलं तर चुकवायचो. उजवीकडनं आलं की सरळ जाऊन धडकायचो, जसं काय ते तिथं न्हाईच.

तिसऱ्या दुपारी तिनं मधीच बटन दाबून चित्र थांबवलं.

"मान हलवू नका. गड्याकडंच बगा. वटवाघळं किती हायती?"

मी म्हनलं, एक. ती नुसती हं म्हनली तवा म्हनलं, दोन. मग म्हनलं, तूच सांग की, शिकलेली हायस.

"चार हायती."

माजी मान आपसूक वळली. चार व्हती. उजव्या कडंला एकाखाली एक, दोरीला वाळत घातल्यागत.

तिनं रिमोट खाली ठेवला. टीव्हीतनं तेच तेच गानं वाजत व्हतं. मग तिनं हळू आवाजात इचारलं, "गाडी कशी चालवताय मग?"

मी उजव्या शिटाचं सांगितलं. मला वाटलं, ती म्हनल, कसलं डोकं चालवलंसा. सांगताना मी जरा फुशारक्या बी मारल्या.

"त्या मानसाला ठावं हाय, त्यो तुमच्यासाठनं बगतोय ते?"

"न्हाई."

"आन् त्यो झोपला म्हंजी?"

मी रिमोटाची वायर गुंडाळाय लागलो. आदल्याच दिवशी एक म्हातारा फौजी कोरेगावच्या पुढं माज्या खांद्यावर घोरला व्हता. मी सातारा येईस्तवर गानं म्हनत, हॉर्न वाजवत, ताशी वीस किलोमीटरनं गाडी नेली. मागची मानसं हसत व्हती, ड्रायव्हर आज रंगात आलाय म्हनून. माज्या पाठीला घामानं शर्ट चिकटला व्हता. अकरा मानसं व्हती मागं. एका बाईच्या मांडीवर तान्हं व्हतं. हे मी तिला सांगितलं न्हाई. हिताच पहिल्यांदा सांगतोय.

तेवढ्यात फोन वाजला. स्टँडवर नंबर लावनारा गडी. चार वाजलं, शिटा भरल्या, ये लौकर. ती माज्याकडं बगत व्हती. चावी खिळ्याला व्हती, तिच्या डोस्क्याच्या वर. तिनं हात लावला न्हाई, मला आडवलं न्हाई. तिनं आडवलं असतं तर मी भांडून गेलो असतो, माजं मला ठावं हाय.

मी फोनात म्हनलं, गाडी येत न्हाई, मला दिसत न्हाई.

त्यो हसला. म्हनला, दिसत न्हाई तर चाचपत ये. मी पुन्हा सांगितलं. त्यो आनखी हसला, शेजारच्याला सांगून त्याला बी हसवला. पंचवीस वर्सं त्या स्टँडवर मी एक खरं वाक्य बोललो नव्हतो, त्याची ती मजुरी. तिसऱ्यांदा सांगितलं तवा माजा आवाज फाटला. मग त्यो गप झाला. बरं म्हनला, दुसऱ्याला लावतो.

दुसऱ्या दिवशी दोघं साताऱ्याला डोळ्याच्या डागदरकडं गेलो, बशीनं. त्यांनी तपासून सांगितलं, काचबिंदू असावा, नजरेच्या कडा खात येतो, मधलं शेवटाला खातो. पन किती खाल्लंय ते मशिनीवर बगाय पायजे.

त्या मशिनीत हनुवटी टेकून बसायचं. मधल्या ठिपक्याकडं बगत ऱ्हायचं. आजूबाजूला बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटन दाबायचं. हातात रिमोट आला आन् माजी खोड जागी झाली. म्हनलं, एवढं पास झालं तर गाडी ऱ्हाती. उजेड ठराविक टायमानं चमकत असनार. मी मोजाय लागलो. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. दिसो न दिसो, दाब.

तिथली बाई कागद बगून बाहीर आली. माज्या बायकोदेखत म्हनली, "काका, मशिन मधी मधी उजेड दाखवतच न्हाई. तवा बी तुमी दाबलंय."

 बायकोनं माजा केसपेपर ह्या हातातनं त्या हातात घेतला.

मी म्हनलं, पुन्हा करतो.

पुन्हा हनुवटी टेकली. ह्या टायमाला मोजलं न्हाई. दिसलं तवाच दाबलं. डाव्या अंगाला बऱ्याचदा दाबलं. मग उजवी बाजू सुरू झाली असावी, कारन मशिनीची घरघर चालू व्हती, आन् लय येळ मला बटन दाबावं लागलंच न्हाई.