मामांनी घातलेला हार

स्वतःच्या शोकसभेला मी वेळेच्या आधी पोचलो होतो, कारण खुर्च्या मलाच मांडायच्या होत्या.

खरं तर ती शोकसभा नव्हतीच! माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, चित्रांचं ते पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. ती स्वप्नातलं जग रंगवते. भाकरीचा चंद्र, तलावावरून उडत निघालेली सोलापुरी चादर, आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या चित्रात, मी! डोळे मिटलेला, ढगांवर तरंगणारा, कानांतून उसाचे तुरे फुटलेला. (दुपारी घोरत पडलो असताना काढलंय. परवानगी कोण विचारतंय!)

सकाळपासून तिचं एकच पालुपद चाललं होतं. "लोक येतात, चहा पितात आणि जातात हो. एकानं तरी चित्रासमोर मिनिटभर थांबायला पाहिजे."

"थांबवतो की!" मी छाती ठोकून सांगितलं.

प्रमुख पाहुणे सात रस्ता चौकातल्या गर्दीत अडकले. इकडे पंख्यानं समई विझायला लागली, म्हणून मी ती आडोशाला, नेमकी माझ्याच चित्रासमोर सरकवली. डास फार, म्हणून शेजारी उदबत्त्या लावल्या. उरलेलं काम माळशिरसहून आलेल्या तिच्या मामांनी केलं. पाहुण्यांसाठी आणलेला हार मी त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता.

"मामा, हार चित्राला का घातला?"

"मग कुटं ठिवू? हात लई अवघडलं की! आन् हितं कसा झ्याक दिसतोय, बघा जावईबापू."

मी हार काढायला हात वर केला, तेवढ्यात पाहुणे दारात! त्यांनी हार पाहिला, समई पाहिली, उदबत्त्या पाहिल्या आणि मुकाट्यानं चपला काढल्या. मागून येणाऱ्यांनीही काढल्या. सुनंदा स्वागताला पुढे धावली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "धीर धर, बाळ."

मग माईक हातात घेऊन म्हणाले, "माझी यांची ओळख नव्हती. पण चेहऱ्यावरून माणूस कष्टाळू वाटतो." (सुनंदाला तिथंच ठसका लागला.) "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे चित्राकडे तोंड करून उभे राहिले. भिडेखातर मीही राहिलो! एक गृहस्थ तर हळूच मान वर करून उसाचे तुरे निरखत होते. तेवढ्यात उदबत्तीच्या धुरानं मला सणसणीत शिंक आली. चित्राशेजारी तोच चेहरा बघून पाहुणे दचकून मागं सरकले.

"आपण... यांचे बंधू का?"

"न्हाय वो," मामा म्हणाले, "त्येच हायती! चांगलं जित्तं हायती की!"

हॉलभर हशा पिकला. मग माझे कान आणि चित्रातले कान ताडून पाहायला झुंबड उडाली, आणि तिथून लोक भाकरीच्या चंद्रापाशी, उडत्या चादरीपाशी रेंगाळत राहिले. चहा गार झाला.

हॉल रिकामा झाल्यावर सुनंदाचा आनंद गगनात मावेना. "थांबले की हो सगळे! चांगली दोन मिनिटं!"

"बघ," मी कॉलर ताठ केली, "माझ्यामुळं थांबले."

"तुमच्यामुळं कुठं? हारामुळं!" ती म्हणाली. "तुम्ही तर शेजारीच उभे होतात. शिंकेपर्यंत कुणी बघितलं तरी का तुमच्याकडं?"