टेस्टरकाकांचे तीन वेढे

आधी फोनच्या, मग केबलच्या आणि आता इंटरनेटच्या तारा घराघरांत ओढण्यात या माणसाची चाळीस वर्षं गेली, पण दुसऱ्याच्या कामावर काडीचा विश्वास नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड न पोळताच ही तऱ्हा. कुणीही केलेला जोड असो, पिशवीतून टेस्टर निघालाच. म्हणून नावच पडलं टेस्टरकाका.

गेले दोन महिने मात्र हा संशय घरातच येऊन बसला होता. सुनेवर. मुलाला या धंद्यात रस नव्हता, तिला होता. वर्षभर ती काकांच्या हाताखाली शिकत होती.

इंटरनेटच्या तारेच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा असतात आणि त्या ठरलेल्या क्रमानेच बसवाव्या लागतात. काकांना अलीकडे त्यातली हिरवी आणि तपकिरी सारखीच दिसू लागली होती. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की संपलं, उद्यापासून घरी बसा. काका अंदाजाने जोडत होते, आणि आपल्याच जोडाला टेस्टर लावायची हिंमत होत नव्हती. तरी एकही तक्रार नाही! निम्मे जोड तरी चुकायला हवे होते.

पाणी कुठेतरी मुरत होतं. ही पोरगी मागून सगळं दुरुस्त करतेय, चुका मोजून ठेवतेय, आणि एक दिवस मुलापुढे मांडून म्हणणार, बाबांना आता बसवा. काकांच्या मनाने तर तारीखसुद्धा ठरवून टाकली होती.

एका नव्या दुमजली घराचं काम चालू होतं. वरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या बोर्डात काकांनी मुद्दाम निळी आणि नारिंगी उलटसुलट बसवली. हे दोन रंग त्यांना अजून स्वच्छ दिसत.

"वरचं झालं गं," खाली येऊन ते म्हणाले. "बघायची गरज नाही."

"बरं, बाबा," सून म्हणाली. तिचा तो गरीब गाईसारखा चेहरा बघून काका आणखीच चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आत काका एकटेच वर गेले आणि बोर्ड उघडला. निळी जागेवर, नारिंगी जागेवर. सापडली चोर!

मग त्यांनी बोर्डामागे हात घातला. उरलेली तार उलट्या बाजूने तीन वेढे देऊन ठेवलेली, वर काळी टेप. ही काकांची खूण. काम कुणाचं ते पुढच्या कारागिराला कळावं म्हणून ते ती प्रत्येक बोर्डात ठेवत. पण काल या बोर्डात त्यांनी ठेवली नव्हती. खोट्या कामावर आपली खूण कशाला?

काका तसेच स्टुलावर बसून राहिले. चुका मोजणारी पोरगी त्यांची खूण कशाला ठेवेल? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

जिन्यात पावलं वाजली. उघडा बोर्ड बघून सून दारातच थबकली. काकांनी शेजारच्या बोर्डाची तार सोलली आणि तिच्यापुढे धरली.

"यातली हिरवी कुठली गं?"

ती शेजारी बसली. एका तारेवर बोट ठेवलं. "ही, बाबा."

काकांनी ती जोडली. टेस्टर पिशवीतच राहिला.