तळाची मूठ

शिरपूरच्या स्टँडवर जळगावची एसटी लागली तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ह्यांची टेलिफोन खात्यात बदली झालेली. ट्रंक, स्टोव्ह, गादीची वळकटी सगळं टपावर चढलं. पण मायनं दिलेला दादर ज्वारीचा पत्र्याचा डबा मी कुणाला वर चढवू दिला नाही. मांडीवरच घेतला. कंडक्टरनं विचारलं, याचं वेगळं तिकीट फाडू का? माझे वडील, नाना, हसले. माय हसली नाही. खिडकीचा गज धरून ती म्हणाली, "डबा बठ्ठा रिकामा करू नको, बेटा. तयले मूठभर राहू देजो."

हा तिचा नेमच होता. कणगी असो की डबा, तळ दिसू द्यायचा नाही. मूठभर जुनं ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं, म्हणजे घरात धान्य संपलं असं कधी होत नाही.

तुम्ही जे गावाकडेच राहिलात, तुम्हाला वाटेल की शिरपूर ते जळगाव ते काय लांब! अर्ध्या दिवसाचा तर प्रवास. पण जे माझ्यासारखे निघाले त्यांना विचारा. पहिल्याच आठवड्यात कॉलनीच्या नळावर मी आमच्या बोलीत विचारलं, पाणी शे का? तर 'आहे'च्या जागी 'शे' ऐकून दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. झालं, मी तोंडाला कुलूपच लावलं. ह्यांच्याशी सोडून दिवसभर कुणाशी बोलणं नाही. भाकरी थापताना तेवढं बरं वाटायचं, कारण पीठ मायच्या ज्वारीचं होतं. आणि ती ज्वारी तर रोज खाली चालली होती.

तळाशी मूठभर उरली तेव्हा मी निमूट डबा उचलला आणि कॉलनीतल्या बायकांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, एक रिकामं गॅरेज. बायकांनी मिळून जामनेरच्या बाजारातून पोती आणवायची आणि तिथं मांडायची. पुडी नाही, प्लास्टिकची पिशवी नाही. धान्याला घरचा डबा, डाळीला जुन्या लुगड्याची पिशवी, तेलाला घरची किटली. विसरलात तर परत घरी जा. माझी मुलगी आता ज्या शहरात आहे तिथं असल्या दुकानाला भलंमोठं इंग्रजी नाव आहे म्हणे, आणि आत एसी. आमच्याकडे तराजूवर उषाअक्का होत्या. जामनेरकडच्या, धिप्पाड, आवाज दणदणीत. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यांनी झाकण उघडलं. "अवं, दाने हायेत याच्यात. रिकामा करून आन."

त्यांचंही खरं होतं. जास्त पडलेलं धान्य परत पोत्यात ओतावं लागतं, मग घरचं जुनं सगळ्यांच्यात मिसळणार. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "ती मन्ही मायनी मूठ शे. नई काढस मी."

आता हसतील म्हणून मी मान खाली घातली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुठीसकट डबा पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात दगड टाकून डब्याचा धडा केला. म्हणजे डबा आणि मूठ वजनातून वजा. एवढं सोपं होतं ते! त्या दिवसापासून माझं नाव मूठवाली पडलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. पुढेही डबा संपत आला की तळाची मूठ मी तशीच ठेवायचे. ती तीच होती का, देव जाणे; मी तीच समजायचे.

मग कानबाईच्या सणाआधी दुकानात ही गर्दी. अक्कांनी आधीच्या बाईच्या धड्यावरच माझी ज्वारी तोलली. चूक लक्षात आली तशी त्यांनी डबा उचलून सगळाच्या सगळा पोत्यात उलटा केला. मी शेंगदाण्याची पिशवी बांधत होते. वळून पाहिलं तर डब्याचा तळ उघडा.

मी तिथंच पोत्यापाशी बसले आणि रडले. अगदी हुंदके देऊन. एवढ्याशा ज्वारीसाठी कुणी रडतं का, असं कुणी म्हटलं नाही. अक्कांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातले. मागोमाग नळावर हसलेल्या त्या दोघींनीही घातले. ही का बघ, ही असेल, असं करत त्या ओंजळी माझ्यापुढे धरत होत्या. पण इकडची काय आणि तिकडची काय, दोन्ही दादरच. तीच मोत्यासारखी पिवळसर. मलाच ओळखू येईना.

अक्कांनी त्याच पोत्यातली एक मूठ डब्याच्या तळाशी टाकली, नव्यानं धडा केला आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, आता हे पोतं बठ्ठं तुह्या मायचं शे."

शे म्हणाल्या. त्यांच्या तोंडात तो शब्द अगदीच वेडावाकडा बसला होता. रडता रडता मला हसूच फुटलं, मग सगळ्याच हसल्या. त्या आठवड्यात कॉलनीतल्या घराघरांत मायच्या ज्वारीचे दाणे भाकरीतून गेले असणार.

दिवाळीला डबा घेऊनच माहेरी गेले. मायला सगळं सांगितलं. डब्याच्या तळाची मूठ काढून तिनं आपल्या कणगीत टाकली, आणि कणगीतली मूठ डब्यात.

माय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. डबा आहे. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. शिरपूर म्हणावं, तर तिथल्या कणगीत जळगाव पडलेलं. जळगाव म्हणावं, तर डब्याच्या तळाशी शिरपूर. म्हणून मी विचारणाऱ्याला बसायला पाट देते आणि भाकरीसाठी तवा चढवते.